पुट ऑफमधला ऑफ आणि आपलं सुटणं

प्रश्न थोडक्यात असा होता: लंडनच्या क्लायंटने मेलमधे 'कॅन वी पुट ऑफ द कॉल' असं लिहिलं, तुम्ही पुट ऑफ म्हणजे बंद असं धरून कॅलेंडरमधून कॉलच उडवून टाकलात, आणि त्या बिचाऱ्याला फक्त दोन दिवस पुढे ढकलायचा होता. आता तुम्ही विचारताय की फ्रेझल व्हर्बची, म्हणजे पुट ऑफसारख्या क्रियापद आणि छोटा शब्द मिळून वेगळाच अर्थ देणाऱ्या जोड्यांची, यादी पाठ करायची का, केली तर किती, आणि मराठी मिडियमवाल्यांनाच हे जड का जातं.

शेवटचं आधी घेतो. मिडियमचा इथे काडीचा संबंध नाही. 'लाईट पुट ऑफ कर' हे आपल्याकडे घरोघरी चालणारं इंग्लिश आहे, कॉन्व्हेंटमधली मुलं पण सर्रास बोलतात, तिकडचे लोक सहसा टर्न ऑफ नाहीतर स्विच ऑफ म्हणतात. त्यामुळे पुट ऑफ म्हणजे बंद हे तुमच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं होतं, आणि वाक्य वाचल्यावर तेच आधी वर आलं, एवढंच झालंय. आणि जड म्हणाल तर सगळ्या जगाला जातं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मधे इंग्लिशचा मोठा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने लिहूनच ठेवलंय की क्रियापदाला मागून असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची आमच्यात फार सवय आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. तेव्हा फ्रेझल व्हर्ब हे नाव पण रुळलेलं नव्हतं, ते १९२५ नंतर रुळलं.

आता यादी. यादी पाठ करू नका. म्हणजे बाजारात जी असते ना, गेट अप, गेट इन, गेट आऊट, गेट ओव्हर, गेट अलाँग, अशी एका क्रियापदाखाली पंचवीस, ती तर अजिबात नको, कारण चौथ्या दिवशी सगळ्या गेटांचा काला होतो. यातलं गेट, पुट, टेक, गो हे तसे बिनचेहऱ्याचे शब्द आहेत, खरं काम मागचा छोटा शब्द करतो, त्यामुळे ओळख त्याच्याशी करून घ्यायची. आणि ती ओळख करून द्यायला मराठीत आपल्याकडे आयती माणसं बसलेली आहेत.

संस्कृत शिकलेल्यांना 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते' आठवत असेल. उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडेच ओढून नेतो, प्रहार आहार संहार विहार परिहार, धातू एकच, हृ, पण जेवण कुठे आणि कत्तल कुठे. इंग्लिशमधेही आधी हे छोटे शब्द बरेचदा पुढेच लागायचे, नंतरच्या काही शतकांत ते मागे सरकले, पण पुढे लागलेले काही अजून टिकून आहेत आणि मागे लागले की वेगळा अर्थ देतात. ट्रकला ओव्हरटेक करतात आणि कंपनी टेकओव्हर करतात. कोर्ट खालच्या कोर्टाचा निकाल अपहोल्ड करतं, आणि ट्रॅफिकने होल्ड अप केलं की आपल्याला उशीर होतो.

पण उपसर्गापेक्षा जवळची गोष्ट म्हणजे आपली जोडक्रियापदं. खाऊन टाक, करून ठेव, बोलून बसलो, वाचून काढलं. यातलं टाक, ठेव, बस, काढ याचा शब्दशः अर्थ घेतला तर सगळं विचित्र होईल, खाल्ल्यावर टाकायचं काय? तरी आपण दिवसभर हे बोलतो. आणि एकच जोड दोन अर्थ देते हेही आपल्याला खटकत नाही. 'चहा करून ठेव' यात ठेव म्हणजे आधीच तयारी, आणि 'हे काय करून ठेवलंयस!' यात ठेव म्हणजे सगळा घोळ. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ही दोन वाक्यं एकामागून एक ऐकवा आणि त्याचं तोंड बघा, म्हणजे जॉन्सन काय म्हणत होता ते कळेल.

तर ऑफ. तुमचा घोटाळा ऑफमुळेच झालाय म्हणून त्याच्यावर जरा जास्त बोलतो. ऑफ म्हणजे बंद हा अर्थ आपल्याला स्विचवरून मिळालेला आहे आणि तो फार उशिराचा आहे, मुळात ऑफ आणि ऑव्ह हा एकच शब्द होता आणि अर्थ होता पासून, दूर. मराठीत त्याला सगळ्यात जवळचं क्रियापद म्हणजे सुटणं. लावून बघा. हँडल सुटून हातात आलं, केम ऑफ. गोळी सुटली, द गन वेंट ऑफ. आरोपी दंड भरून सुटला, ही गॉट ऑफ विथ अ फाइन. पोलिसाने नुसता दम देऊन सोडला, लेट हिम ऑफ. गाडी सुटली, आम्ही निघालो, वी आर ऑफ. शाळेला सुट्टी असली की डे ऑफ, आणि सुट्टी हा तरी कुठला शब्द, सुटण्यातलाच. स्विच ऑफमधे पण वीज सुटते, म्हणजे जोडणी सुटते, आणि म्हणून दिवा बंद होतो. बंद हा परिणाम झाला, मूळ अर्थ नाही.

हे डोक्यात बसलं की 'द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह' हे वाक्य उलटं वाटत नाही. आपल्यातले कितीतरी जण याचा अर्थ अलार्म पाचला बंद पडला असा घेतात, आणि तो असतो पाचला वाजला. जुन्या चावीच्या घड्याळात अलार्मची स्प्रिंग पिळून अडवून धरलेली असते, वेळ झाली की ती सुटते आणि घंटी वाजायला लागते. बॉम्ब गोज ऑफ म्हणजे फुटला, तेही तसंच, दाबून ठेवलेलं सुटलं. पण हां, 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे मात्र लाईट गेली, तिथे बंदच. आणि 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासलं, हे ब्रिटिश लोक जास्त बोलतात, इथे सुटणं ताणून बसवता येईल पण कशाला उगाच, ते तसंच लक्षात ठेवा.

आणि पुट ऑफ म्हणजे आत्तापासून दूर नेऊन ठेवणं, म्हणजेच पुढे ढकलणं. त्याचाच दुसरा अर्थ माणसाला दूर करणं, मन उडवणं. 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे त्या वासाने माझी इच्छाच मेली. रद्द करायचं असेल तर कॉल ऑफ. शिकारी कुत्र्यांना हाक मारून मागे बोलवायचे तेही कॉल ऑफच, त्यामुळे संप कॉल ऑफ केला याला आपले पेपर संप मागे घेतला लिहितात ते अगदी चपखल आहे. तुमच्या मेलमधे कॉल ऑफ असतं तर तुम्ही केलंत ते बरोबर होतं! आणि पुट ऑफच्या उलट, म्हणजे अलीकडे घ्यायचं असेल तर ब्रिंग फॉरवर्ड, आपलं प्रीपोन भारताबाहेर सगळ्यांनाच कळेल असं नाही.

अपसाठी दोन मराठी शब्द धरा. एक टाकणं, म्हणजे पुरतं, शिल्लक न ठेवता: ईट अप खाऊन टाक, ड्रिंक अप पिऊन टाक, टेअर अप फाडून टाक, यूज अप वापरून टाक. दुसरा उगवणं, आणि हा मला फार आवडतो, कारण 'तू कुठून उगवलास' आणि टर्न अप यात काही फरकच नाही, शो अप पण तेच, समथिंग केम अप म्हणजे मधेच काहीतरी उपटलं. बाकी अपचे अजून चिक्कार अर्थ आहेत, मेक अप म्हणजे नटणं, गोष्ट रचून सांगणं आणि भांडण मिटवणं असे तीन तर एकाचेच, पण या दोन खुंट्यांवर बरंच काही टांगता येतं.

आऊटला काढणं. फाइंड आऊट शोधून काढणं, पिक आऊट निवडून काढणं, वर्क आऊट हिशोब काढणं, पॉइंट आऊट म्हणजे नेमकं काढून दाखवणं, सॉर्ट आऊट म्हणजे मार्ग काढणं. कॅरी आऊट मात्र यात बसत नाही, ते पार पाडणं. डाऊनला उतरणं, राइट डाऊन उतरवून घे, काम (calm) डाऊन म्हणजे राग उतरू दे, पण टर्न डाऊन कधी आवाज कमी करणं तर कधी सरळ नकार देणं. म्हणजे ही युक्ती सगळीकडे चालेल असं नाही. पुट अप विथ घ्या, त्याचे तुकडे करून हाती काही लागत नाही, त्याचा अर्थ चालवून घेणं, खपवून घेणं. पण आपलं चालवून घेणं तरी तुकड्यांत कुठे कळतं, कोण चालतंय आणि कोण घेतंय?

किती शिकायची याचं उत्तर आकड्यात आहे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस म्हणून दहा कोटी शब्दांचा इंग्लिशचा साठा आहे, बोललेलं लिहिलेलं दोन्ही, त्यावर गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी २००७ मधे मोजणी करून दाखवली की सगळ्यात जास्त येणाऱ्या १०० फ्रेझल व्हर्बमधेच एकूण वापराचा निम्म्याहून थोडा जास्त भाग संपतो. गो ऑन, कॅरी आऊट, सेट अप, पिक अप, पॉइंट आऊट, फाइंड आऊट हे त्यातले अगदी वरचे. म्हणजे शंभर, हजार नाही. फक्त एकेकाचे चार-पाच अर्थ असतात, त्यातला तुमच्या कामाला लागणारा आधी घ्या, आणि तो सुटा न घेता अख्ख्या वाक्यात घ्या, तुमच्याच मेलमधल्या.

पोस्टपोन, कॅन्सल, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट हे असताना पुट ऑफ, कॉल ऑफ, पुट अप विथ, लुक इंटूची गरज काय असंही कोणीतरी विचारणारच. लिहिताना नाही वापरलंत तरी चालेल, आपलं इंग्लिश पुस्तकातून आलेलं असल्यामुळे आपल्याला हे लांब शब्दच सोपे वाटतात. पण समोरचा बोलताना छोटेच वापरणार, तेव्हा कळायला तरी पाहिजेत.

एक गोष्ट मात्र घोकावी लागते, ती म्हणजे कर्म कुठे बसतं. टर्न ऑफ द फॅन चालतं, टर्न द फॅन ऑफ पण चालतं, पण फॅनच्या जागी इट आलं की ते मधेच बसणार, टर्न इट ऑफ. टर्न ऑफ इट कोणी म्हणत नाही. उलट लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इंटू यांच्या मधे कोणालाच शिरू देत नाहीत, लुक आफ्टर हिमच, लुक हिम आफ्टर ऐकून गोरा माणूस दचकेल. मधे घातलेलं कर्म लांबलचक असलं तरी पंचाईत, 'पुट द मीटिंग विथ द न्यू व्हेंडर फ्रॉम चेन्नई ऑफ' यात ऑफ येईपर्यंत ऐकणारा पुटला विसरलेला असतो. आणि लुक फॉरवर्ड टूच्या पुढे मीट नाही, मीटिंग, आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू, निम्म्या भारताच्या मेलमधे हे चुकलेलं असतं.

आपल्याकडच्या काही खास गोष्टी आहेत त्या तिकडच्या लोकांशी बोलताना सांभाळा. कोप अप विथ असं काही नसतं, नुसतं कोप विथ. डिस्कस अबाऊटमधला अबाऊट फुकटचा आहे. सरकारी ऑफिसात फाईल पुट अप करतात, म्हणजे साहेबांपुढे मंजुरीला ठेवतात, पण लंडनच्या माणसाला पुट अप म्हटलं की पाहुण्याला घरी उतरवून घेणं किंवा भिंतीवर काहीतरी लावणं आठवेल. सगळ्यात गमतीचं पास आऊट. 'आय पास्ड आऊट इन २०१५' म्हटलं की आपल्याला कळतं की डिग्री झाली, तिकडे कळतं की हा माणूस त्या वर्षी बेशुद्ध पडला. पण याला नुसतं चूक म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो, कारण लष्करात ट्रेनिंग पूर्ण करणं याला ब्रिटिश पण पास आऊटच म्हणतात, खडकवासल्याला एनडीएत होते ती पासिंग आऊट परेड त्याच अर्थाची. आपण फक्त परेड सोडून तो कॉलेजला लावला. सीव्हीमधे मात्र ग्रॅज्युएटेड लिहा.

राहता राहिलं डिक्शनरीत कसं बघायचं. शिकणाऱ्यांसाठीची घ्या, ऑक्सफर्ड किंवा लाँगमनची, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. पुट उघडलं की मूळ शब्दाचे अर्थ संपल्यावर फ्रेझल व्हर्बचा वेगळा भाग येतो. तिथे पुट आणि ऑफच्या मधे समथिंग लिहून दोन्हीकडे टोक असलेला बाण दिलेला दिसेल, त्याचा अर्थ कर्म मधे किंवा शेवटी कुठेही चालेल. लुक आफ्टरला तो बाण नसतो आणि समबडी शेवटी लिहिलेलं असतं. लोक अर्थ वाचतात आणि बाण सोडून देतात, तुम्ही आधी बाण बघा.