लोकेशन डेटाच्या कंपनीत नोकरी घेऊ का?

प्रश्न : मी एमएस्सी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोबाइलच्या लोकेशन डेटावर काम करणाऱ्या एका कंपनीने मला डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी विचारलं आहे. कंपनी झपाट्याने वाढते आहे, असं मुलाखतीत सांगितलं. आईबाबांना बँकेतली नोकरी जास्त खात्रीची वाटते. ही वाढ टिकेल का? आणि लोक कुठे जातात-येतात यावर लक्ष ठेवण्याचं काम करावं का, हेही कळत नाही.

उत्तर : तू शेवटचं वाक्य जाता जाता लिहिलं आहेस, पण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. या धंद्यातला सगळा माल म्हणजे लोकांनी दिलेली परवानगी. ती सरळ मार्गाने मिळवली असेल तर वाढ टिकते. नाहीतर फोनच्या एका अपडेटने किंवा सरकारी आदेशाने माल येणंच बंद होतं.

आधी कामाबद्दल सांगतो. या कंपन्यांकडे येणारी एक नोंद म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, अक्षांश, रेखांश, वेळ आणि चूक किती मीटरची असू शकते तो आकडा. बस्स. अशा कोट्यवधी ओळींमधून ‘हा फोन या दुकानात वीस मिनिटं थांबला’ हे ठरवायचं असतं. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं, इमारतीत शिरलं की ते बिघडतं आणि मजला कोणता हे तर नीट कळतच नाही. तळमजल्यावर औषधाचं दुकान, वर दंतवैद्य, त्याच्यावर व्यायामशाळा असेल तर नकाशावर तिघांचा बिंदू एकच. माणूस यांपैकी कुठे गेला हे थांबण्याच्या वेळेवरून, जवळच्या वाय-फायवरून, दिवसाच्या प्रहरावरून अंदाजाने काढावं लागतं, आणि तो अंदाज किती पक्का आहे हेही सांगावं लागतं. हे अस्सल संख्याशास्त्र आहे आणि तुझ्यासारखीला त्यात करण्यासारखं खूप आहे.

त्याहून अवघड भाग नमुन्याचा. कंपनीला सगळे फोन दिसत नाहीत, ठरावीक अ‍ॅप असलेले थोडे दिसतात. त्यातलं एखादं मोठं अ‍ॅप गळलं की आलेखात दुकानांची गर्दी घटलेली दिसते, प्रत्यक्षात दुकानं तशीच भरलेली असतात. वय, उत्पन्न, भाग यांनुसार भारांक देऊन (नमुन्यात कमी आलेल्यांना जास्त वजन देऊन) हे सावरायला नमुना पाहणीचा पाया पक्का लागतो. नुसता कोड लिहिणारे इथे फसतात.

आता वाढीकडे येऊ. फोरस्क्वेअर ही याच क्षेत्रातली अमेरिकी कंपनी २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा लोक आपण होऊन ‘मी इथे आहे’ असं कळवायचे. असं कळवण्याला चेक-इन म्हणतात, त्यातून जगभरातल्या जागांची यादी तयार झाली. पुढे त्याच पायावर, ठिकाणांमधली ये-जा मोजून, कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये अंदाज दिला की चिपोटले या अमेरिकी रेस्टॉरंट साखळीची आधीपासून चालू असलेल्या रेस्टॉरंटांमधली पहिल्या तिमाहीची विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरेल. चिपोटलेने नंतर जाहीर केलेली घट २९.७ टक्के होती. ताळेबंद यायच्या आधी विक्री कळते म्हटल्यावर गुंतवणूकदार, दुकानांच्या साखळ्या, जागा भाड्याने देणारे, सगळेच गिऱ्हाईक झाले. दुकानांतली गर्दी मोजणाऱ्या, २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्लेसर.एआय या कंपनीचं मूल्यांकन २०२२ मध्ये १ अब्ज डॉलरवर गेलं. म्हणजे मागणी खरी आहे, तो फुगा नाही.

पण पुरवठ्याची बाजू नाजूक आहे. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ आले आणि पार्श्वभूमीत कोणतं अ‍ॅप लोकेशन घेतं यावर लोकांचं नियंत्रण वाढलं. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने इतर अ‍ॅप आणि संकेतस्थळांवर माग काढण्याआधी विचारणं सक्तीचं केलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने) एक्स-मोड या कंपनीवर संवेदनशील ठिकाणांचा लोकेशन डेटा विकण्याबाबत कारवाई केली. निअर इंटेलिजन्स ही लोकेशन डेटाचीच कंपनी मार्च २०२३ मध्ये शेअर बाजारात आली आणि त्याच डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. झपाट्याने वाढणं ही नोकरीची हमी नव्हे, हे आईबाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

‘आम्ही नावं काढून टाकतो’ असं तुला सांगतील. तेवढ्यावर विसंबू नकोस. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जागा आणि वेळ माहीत असलेले फक्त ४ बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरेसे आहेत, असं त्यात दिसलं. रोज रात्री फोन जिथे असतो ते घर, दिवसा जिथे असतो ते कामाचं ठिकाण, मग नाव शोधायला कितीसा वेळ लागणार? त्याच फोनची नोंद रुग्णालयात किंवा प्रार्थनास्थळी सापडली की कुणाचं तरी खासगी आयुष्य अनोळखी माणसाच्या हातात जातं. तुझ्या मनात आलेली शंका योग्य आहे, नोकरी लागल्यावरही ती सोडू नकोस.

होकार देण्याआधी त्यांना स्पष्ट विचार : लोकेशन तुमच्याच अ‍ॅपमधून येतं, दुसऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये बसवलेल्या कोडमधून येतं, की दलालांकडून विकत घेता? गिऱ्हाइकाला काय देता, एकत्रित आकडे की एकेका फोनच्या ओळी? रुग्णालयं, प्रार्थनास्थळं, निवारागृहं यांच्या नोंदी गाळता का? हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस चाचरला तर तेवढंच पुरे. आणि पगार गिऱ्हाइकांच्या पैशातून होतो की गुंतवणूकदारांच्या, हेही विचार. असं विचारलं म्हणून कुणी नोकरी नाकारत नाही, उलट चांगल्या कंपनीत त्यामुळे वजन वाढतं.

माझं मत विचारशील तर, कंपनी परवानगी उघडपणे घेत असेल आणि फक्त एकत्रित आकडे देत असेल तर नोकरी घे. एकेका फोनच्या ओळी विकत असेल तर पगार कितीही असो, नको म्हण. उद्या चौकशी झाली तर त्या कंपनीचं नाव तुझ्या बायोडेटावर राहणार आहे.

तिथे गेलीस तर एसक्यूएल आणि पायथॉन येतंच असेल, त्यात पोस्टजीआयएस (जागांची माहिती साठवण्या-शोधण्यासाठी) आणि क्यूजीआयएस (नकाशे काढण्यासाठी) यांची भर घाल. दोन्ही फुकट मिळतात. उबरने २०१८ मध्ये खुली केलेली एच३ ही नकाशा षटकोनी जाळ्यात विभागण्याची पद्धत शिक, आणि बिंदूंचे पुंजके शोधणारी डीबीस्कॅन ही गणनपद्धत स्वतः एकदा लिहून बघ. हे कौशल्य एका कंपनीपुरतं राहत नाही. वाहतूक नियोजन, मालवाहतूक, विमा, साथरोग, सगळीकडे ते लागतं. २०१० च्या हैती भूकंपानंतर सुमारे १९ लाख सिमकार्डांच्या नोंदींवरून संशोधकांनी लोक राजधानीतून कुठे गेले याचा अंदाज काढला होता. मदत कुठे पाठवायची हे ठरवायला असा अंदाज लागतो. त्या संशोधकांकडेही सिमकार्डांच्या नोंदीच होत्या, फक्त त्या कशासाठी वापरायच्या हे त्यांनी चांगलं ठरवलं होतं.

आईबाबांना ही सगळी उत्तरं दाखव, नुसता पगाराचा आकडा नको. बँकेचा रस्ता लगेच बंद होत नाही, वयोमर्यादा तपासून त्यांना सांग. करारात बाँड असेल तर तो किती महिन्यांचा आणि सोडताना किती पैसे भरावे लागतील हे सहीच्या आधी लेखी मागून घे. कंपनीकडून काय उत्तरं येतात ते मला कळव, मग पुढचं बोलू.