एमबीएच्या आधी एक हंगाम तिच्या हाती द्या

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराचं पत्र आहे. मुलगी यंदा बी.कॉम. झाली, तिला एमबीए करायचंय. वडील विचारतात, एआयमुळे ऑफिसातली कामंच जाणार असतील, तर कर्ज काढून शिकवावं का? शेवटी लिहितात, ‘पोरगी हुशार आहे. बिलं करते, गिऱ्हाइकांचे फोन घेते. पण भाव, माणसं, पैसे मलाच बघावे लागतात. मला विचारल्याशिवाय तिला काही जमत नाही.’

नमस्कार,

तुमची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही तिला कामं दिलीत, निर्णय एकही दिला नाहीत. मग ती विचारणारच ना!

तुमची भीती खोटी नाही. बिलं, नोंदी, ठरावीक पत्रं ही कामं यंत्र करू लागलंय आणि बी.कॉम.च्या मुलांना पहिली नोकरी बऱ्याचदा त्याच कामाची मिळायची. पण तुमचाच धंदा किती बदलला बघा. पूर्वी पेटी वाशीला गेली की आडत्याच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, वाट बघायची. आता पेटी थेट पुण्याच्या घरात जाते. आंबा कापल्यावर साका, म्हणजे आतला पांढरट, खराब गर, निघाला तर फोन तुम्हाला येतो, आणि साका काही बाहेरून दिसत नाही. फळं बदलून द्यायची की पैसे परत करायचे, हे तिथल्या तिथं ठरवायचं आणि गिऱ्हाईकही राखायचं. व्यवस्थापन म्हणतात ते हेच, आणि ते माणसालाच करावं लागतं.

म्हणून येत्या हंगामात दोनशे पेट्या पूर्ण तिच्या करा. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे काढणारे गडी ठरवण्यापासून अढी (आंबे पिकत घालणं), वर्गवारी, खोकी, गाडी, भाव आणि वसुलीपर्यंत सगळं तिचं. खर्चाची मर्यादा आधी ठरवा, आठवड्यातून एकदा हिशेबाला बसा. वयानं मोठ्या गड्याला काम सांगणं तिला सगळ्यात जड जाईल. तेव्हा मध्ये बोलू नका. एकदा बोललात की गडी पुन्हा तुमच्याच तोंडाकडे बघतील. ती चुकेल, थोडं नुकसानही होईल. अवेळी पावसानं मोहोर गळला की तुमचंही गणित चुकतंच. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन वापरायला लागणारी अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी राहिली असेल तर तेही तिच्याकडे सोपवा.

एमबीए जरूर करू दे, पण त्यानंतर. राज्याच्या सीईटीला, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेला, पदवीत ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अडचण एवढीच की परीक्षा अलीकडे मार्च-एप्रिलात, ऐन आंब्यात येते. त्या वर्षी मात्र तिला बागेतून मोकळी ठेवा. कर्जावर सही करण्याआधी दोघं मिळून कॉलेजात जा आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, मागच्या तुकडीला कुठं नि कसलं काम लागलं.

पावसाआधी दोनशे पेट्यांचा हिशेब पुरा झाला की मला कळवा. ते पत्र मात्र तिला लिहू दे.