कामांची यादी बाजूला ठेवा, आधी गावातल्या माणसांचं कॅलेंडर मांडा

भाऊ, प्रश्न नीट वाचला. म्हणजे गावात जलसंधारणाचं काम घेतलं, टेकडीवर सीसीटी (म्हणजे उताराला आडवे खोदलेले सलग समतल चर), दोन मातीनाला बांध (नाल्यावर आडवे घालायचे मातीचे बांध) आणि जुन्या तलावातला गाळ एवढं यादीत आहे, पोकलेन एका संस्थेकडून मिळून राहिली पण डिझेल गावानं टाकायचं, मजूर रोहयोवर, वरून थोडं श्रमदान. आणि तुम्हाला पाह्यजे काय, तर समितीच्या दहा-बारा जणांनी हे सारं पावसाच्या आत कसं बसवायचं, अन् एप्रिलमध्ये येणारी माणसं मे लागला की गळतात त्याचं काय करायचं. मी यवतमाळ जिल्ह्यातच हे काम बरीच वर्षं करून राहिलो, म्हणून जरा लांब लिहितो.

माणसं गळतात असं सगळे म्हणतात, पण ती गळत नाहीत, त्यांना दुसरं काम असते आणि ते काम दरवर्षी त्याच महिन्यात असते. मार्चमध्ये हरभरा-गहू काढणं, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटणं. जंगलाला लागून गाव असेल तर मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला पहाटेच घर रिकामं होते, आणि मे मध्ये तेंदूपत्ता सुरू झाला की तुमच्या कामावर कोणी येणार नाही अन् यावं अशी अपेक्षाही करू नका, त्या काही दिवसांत त्या घरात जो नगदी पैसा येते तो तुमच्या मस्टरवर येत नाही. मग अखजी (अक्षय तृतीया), लग्नं, आठवडी बाजार, वखरणी. हे सगळं एका मोठ्या कागदावर आठवड्या-आठवड्यानं मांडा आणि प्रत्येक आठवड्यापुढे लिहा की खरोखर किती माणूस येईल. हे समितीनं बसल्या जागी ठरवू नये, बचतगटाच्या बायांना विचारा, त्यांना बरोबर माहीत असते कोणत्या घरातून कोण कधी मोकळं आहे.

आता हिशोब पाहा. सीसीटी ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल धरली तर १०० मीटर लांबीत १८ घनमीटर माती निघते, म्हणजे एकदा भरली की १८ हजार लिटर पाणी. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात एक माणूस दिवसाला एक-सव्वा घनमीटरच्या वर खोदत नाही असं मी धरतो, म्हणजे १०० मीटरला साधारण १६ मनुष्यदिवस लागले. समजा यादीत ४० मजूर आहेत. त्यातले रोज २५ येतील, एप्रिल-मे मिळून ३० दिवस काम चालेल, बाजार-लग्न वजा करून ६०० मनुष्यदिवस हातात राहिले. त्यात साडेतीन-पावणेचार किलोमीटर सीसीटी होते, बस. आराखड्यात १० किलोमीटर लिहिली असेल तर बाकीची कुठून येणार? हा प्रश्न मार्चमध्येच विचारा, मे च्या शेवटी नाही.

दुसरं, तारीख पावसाकडून उलटी मोजा. आपल्याकडं मान्सून जूनच्या मध्याला धरतात पण रोहिणी २५ मे च्या आसपास लागते आणि मृग ७-८ जूनला, मधात वळवाचा एखादा मोठा पाऊस कधीही पडू शकते, अन् तेव्हापासून शेतकरी बियाण्याच्या मागं असते, तुमच्या कामावर नसते. पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा आठवत असेल, २०१६ ला पहिल्या वर्षी ३ तालुके होते त्यात आपल्या विदर्भातला वरुड होता, पुढच्या वर्षांत ती स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे अशी ४५ दिवसांची असे. तो शेवट पाहा, रोहिणीच्या आधी. तुम्हीही २० मे नंतर नवीन काहीच उघडायचं नाही असं ठरवून टाका, नंतरचे दिवस फक्त बंद करायला.

आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मातीनाला बांध. सीसीटी अर्धी राहिली तर जेवढी खोदली तेवढं तरी पाणी मुरते, नुकसान काही नाही. पण बांध अर्धा राहिला, किंवा भरला पण सांडवा (जास्तीचं पाणी बाजूनं काढून द्यायची वाट) राहिला, तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी वरून उतू जाते, बांध कापत नेते आणि खालच्या शेताची मातीही सोबत नेते. ज्याच्या शेताचं असं झालं तो माणूस पुढं कधी सही देत नाही, आणि बांध नव्हता तेव्हा त्याचं तेवढं नुकसान होतही नव्हतं. म्हणून बांध उघडण्याआधी ही साखळी पूर्ण बसते का ते तपासा: पाया खोदणं, गाभ्याला चिकण काळी माती, बाहेरून मुरूम, १५-२० सेंमीचे थर टाकत पाणी मारून दाबणं, सांडवा, पिचिंग (बांधाच्या उतारावर दगड बसवणं). यातली एक गोष्ट अडली की पुढचं सारंच अडते. मोठ्या प्रोजेक्टवाले यालाच क्रिटिकल पाथ म्हणतात. लोक विसरतात ते पाणी. मे महिन्यात, जेव्हा प्यायलाही टँकर लागते, तेव्हा माती दाबायला पाणी कुठून आणणार? म्हणून बांध एप्रिलमध्ये घ्या, कोणाच्या विहिरीला अजून पाणी आहे तोवर, आणि त्या विहीरवाल्याशी मार्चमध्येच बोलून ठेवा. कोरडी माती ढकलून उंच ढीग लावला की फोटोत बांध दिसते पण तो पाण्यापुढं टिकत नाही. दगड लागला तर काय, हेही आधीच पाहा, पायाच्या रेषेवर दोन-तीन जागी हातानं खड्डे घेऊन. ब्रेकर बोलवायची वेळ आली तर डिझेलचा सगळा हिशोब बदलते.

पोकलेनचं सांगतो. ट्रॉल्यावर आणायची-न्यायची भानगड असते म्हणून ती गावात आली की एका बाजूनं काम करत दुसऱ्या बाजूला निघाली पाह्यजे, आज इकडं उद्या तिकडं केलं तर चेनवर चालण्यातच तास जातात. त्यासाठी पांदण मोकळी आहे का, कोणाच्या शेतातून जायचं, त्याचा हरभरा निघाला का, संमतीपत्रावर सही आहे का, हे मशीन यायच्या आधी. गाळाच्या कामात तर मशीनपेक्षा ट्रॅक्टर मोजा. एक ट्रॉली भरायला ५ मिनिटं धरा आणि शेतात जाऊन रिकामी करून परत यायला अर्धा तास, तर मशीन न थांबता चालवायला ६-७ ट्रॅक्टर लागतात. तीनच आले तर अर्ध्याहून जास्त वेळ पोकलेन उभी राहते, आणि सुरू ठेवलेलं इंजिन उभ्या उभ्याही डिझेल पिते. त्यामुळं त्या दिवशी कोणाचे ट्रॅक्टर नांगरणीला गेले नाहीत ते आदल्या संध्याकाळी फोन करून पक्कं करा. गाळ नेणारा शेतकरी वाहतूक स्वतःच्या खर्चानं करते, तर नंबर लावून द्या, म्हणजे भांडण नाही होत.

मशीनची वही एकाच माणसाकडं. सकाळी सुरू करताना मीटर रीडिंग, संध्याकाळी बंद करताना रीडिंग, दोन्हीचा फोटो, त्या दिवशी टाकलेलं डिझेल आणि झालेलं काम. चार दिवसांत तुम्हाला कळते की तासाला किती लिटर जाऊन राहिलं आणि उरलेल्या पैशात किती तास उरले. ऑपरेटर बाहेरचा असते, त्याच्या जेवणाची अन् झोपायची सोय गावानं चांगली करावी, हे मी मनापासून सांगतो, दिवसभर त्या गरम केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाला संध्याकाळी कोणाच्या घरी जेवायचं हे शोधत फिरायला लावू नका.

मजुरांचं काम सकाळी ६ ते ११, जमलं तर साडेचारनंतर थोडं. आपल्या भागात पारा ४५ च्या वर जाते, दुपारी माणूस उभं करायचंच नाही. सावली, पिण्याचं पाणी, ओआरएस हे बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा. रोहयोच्या नियमातच आहे की साइटवर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त लेकरं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर ठेवायची. हे बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि मग लहान लेकरू असलेल्या चांगल्या काम करणाऱ्या बाया घरी बसतात. तुमच्याकडं माणसं कमी पडून राहिली ना, तर इथून सुरू करा.

आखणी मजुरांच्या दोन दिवस पुढं पाह्यजे. श्रमदानाच्या दिवशी दीडशे माणूस जमा होते अन् चुना पडलेला नसते, टिकास (कुदळी) कमी, पावड्याचे दांडे मोडलेले, मग अर्धे लोक फोटो काढून घरी जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. एका टिकासमागं एक पावडं आणि दोन घमेली असे चार-पाच जणांचे गट पाडा, प्रत्येक गटाला मोजून तुकडा द्या. आणि श्रमदानाला बांधाचं काम कधीच देऊ नका, तिथं रोज तीच माणसं लागतात.

समितीत बारा जण असले तरी आखणी एकाकडं, मशीन-डिझेल एकाकडं, हजेरी रोजगार सेवकासोबत एकाकडं, पैसा दोघांच्या सहीनं. ज्याच्याकडं जे काम त्यानं ठरवलं की बाकीच्यांनी साइटवर येऊन बदलायचं नाही, बोलायचं ते संध्याकाळच्या बैठकीत. कोणाच्या शेतापासून सुरुवात हा वाद हमखास होणार, त्याला उत्तर एकच, माथा ते पायथा, वरून खाली. हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर आधीच सांगून टाका. पैशाचं एवढंच की रोहयोची मजुरी खात्यात यायला उशीर होऊ शकते, त्यामुळं डिझेलसाठी जमलेल्या वर्गणीतून कोणाला उसनं द्यायचं नाही हे पहिल्याच बैठकीत ठरवा.

तुमच्या दोन बांधांचं म्हणाल तर मी या साली वरचाच घेतला असता. माणसं, पाणी, डिझेल यातलं काहीच दोघांना पुरताना मला दिसून नाही राहिलं. खालच्याचा ठराव लिहून घ्या की पुढच्या उन्हाळ्यात पहिला नंबर त्याचा, आणि तो ठराव त्या शेतकऱ्यांच्या हातात द्या ज्यांच्या विहिरींना त्या बांधाचं पाणी लागणार होतं. त्यांच्याकडून यंदा डिझेलची वर्गणी मागू नका, पुढच्या वर्षी मागा.