वडिलांचा मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६६ वर्षांचे, पेडणे तालुक्यात राहतात, मधुमेहाच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत. उजव्या डोळ्यापुढे धुकं आल्यासारखं वाटतं. वर्षात दोनदा चष्मा बदलला, उपयोग नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, मोतीबिंदूच आहे, पुरता पिकू दे, चवथ (गणेशचतुर्थी) झाली की बघू. तोवर डोळ्यात मध घाल.

थांबू नका. आणि मध तर मुळीच घालू नका.

मी डॉक्टर नव्हे. म्हापशात एका चष्म्याच्या दुकानात अठरा वर्षं नंबर काढतो, शिक्षणाने ऑप्टोमेट्रिस्ट. शुक्रवारी बाजार करून माणसं पिशव्या दाराशी टेकवतात आणि ‘जरा डोळे बघ रे’ म्हणत आत येतात. त्यातले बरेचजण रोगाचं नाव घरूनच ठरवून आलेले असतात. तुमच्या प्रश्नातही मला तेच खटकलं. मोतीबिंदू आहे, असं डोळ्याच्या आत बघून कोणीच सांगितलेलं नाही.

आधी घरी एक करून बघा. एखाद्या जाड लग्नपत्रिकेला टाचणीने भोक पाडा. वडिलांना लांबचा चष्मा लावून डावा डोळा तळहाताने झाकायला सांगा आणि दहा फुटांवरचं कॅलेंडर वाचायला लावा. मग तेच त्या भोकातून. भोकातून अक्षरं स्पष्ट झाली तर दोष बहुतेक नंबरचा, कारण बारीक भोक विखुरलेले किरण अडवून धरतं. तरीही धूसरच दिसलं तर डोळ्याच्या आतल्या भिंगात, मागच्या पडद्यावर नाहीतर मेंदूकडे जाणाऱ्या नसेत काहीतरी आहे. तिसऱ्या चष्म्यावर पैसे घालवू नका. भोकातून सुधारलं म्हणून तपासणी टाळायची, असं मात्र नाही. पुढे मामांची गोष्ट सांगतो, ती त्यासाठीच.

वर्षात दोनदा नंबर बदलणं ही मोतीबिंदूची खूण असू शकते. वयाने भिंगाचा गाभा कडक होऊ लागला की डोळ्याला उणे नंबर चढतो. मग काही काळ चमत्कार होतो: चाळीशीशिवाय पेपर वाचता येतो! आजोबा खूश, घरचे खूश. लांबचं मात्र विरत जातं, समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात. दुसरं कारण साखर. रक्तातली साखर चढ-उतार करत असली की भिंगात पाणी कमीजास्त होतं आणि नंबरही हलतो. अशा वेळी केलेला चष्मा साखर ताब्यात आली की चालेनासा होतो. आम्ही दुकानवाल्यांनी अशा गिऱ्हाइकाला आधी साखर विचारायला हवी. सगळेच विचारतात असं नाही.

आता ‘पिकू दे’ कुठून आलं ते. ते अडाणीपणातून आलेलं नाही, एके काळी तो शहाणपणाच होता. पूर्वी मोठा छेद घेऊन गढूळ भिंग काढून टाकत आणि आत काहीच बसवत नसत. मग माणूस अधिक दहाच्या आसपासचा, बाटलीच्या बुडासारखा चष्मा घालून फिरायचा. त्या चष्म्यातून दारं वाकडी दिसायची आणि पायरी भलतीकडेच असायची. म्हणून उरलीसुरली नजर जाईपर्यंत कोणी कापाकापी करत नसे. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी केली. लढाऊ विमानांच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसूनही डोळा ते सहन करतो, असं त्यांना दिसलं होतं. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घ्यायची रीत आणली. तीच आजची फेको. छेद तीन मिलिमीटरच्या आतला, टाका बहुधा नाहीच. या रीतीत पिकलेला मोतीबिंदूच त्रासाचा: जितका कडक, तितकी फोडायला ताकद जास्त आणि बुबुळाला इजा जास्त. फार पिकून फुगला तर डोळ्याचा दाबही वाढवतो. रोजचं काम अडू लागलं, गाडी चालवताना भीती वाटू लागली की वेळ झाली म्हणायची. पावसाळ्यात करू नये हेही त्या टाक्यांच्या जमान्यातलंच.

पण माझी खरी भीती वेगळीच आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू, नावावरून सख्खे भाऊ वाटतात. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत येते. काचबिंदूत डोळ्यातल्या दाबाने मागची नस सुकत जाते, आणि गेलेलं काही परत येत नाही.

माझे मामा सत्तरीतले. चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना शेजारीच ठेवलेला कोयता त्यांना सापडायचा नाही, चालताना दाराची चौकट खांद्याला लागायची. मोतीबिंदू असेल, पिकला की बघू, असं म्हणत दोन चवथी गेल्या. मधे त्यांना चष्मा मीच करून दिला. माझ्या तक्त्यावर त्यांनी शेवटून दुसरी ओळ वाचली आणि मी समाधानाने बिल फाडलं. तक्ता फक्त मधली नजर मोजतो. काचबिंदू कडेने खात येतो आणि मधलं बहुधा शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. डॉक्टरांनी दाब मोजला तेव्हा तो ३८ निघाला. साधारण १० ते २१ असावा लागतो. थेंबांनी उरलेली नजर टिकली, इतकंच. तेव्हापासून चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दाब तपासून घ्या म्हटल्याशिवाय मी चष्म्याची पावती देत नाही.

त्यात तुमच्या वडिलांना मधुमेह. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात आणि दुखत काहीच नाही, म्हणून वर्षातून एकदा पडदा बघायचाच. पडद्याला सूज असताना नुसता मोतीबिंदू काढला तर पैसे वाया गेले असं वाटतं. म्हणून पडदा आधी बघून घेतलेला बरा.

तेव्हा त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे न्या. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) न्यायला हरकत नाही. नंबर, दाब, यंत्राखाली भिंग आणि बाहुली मोठी करून पडदा, एवढं व्हायलाच हवं. बाहुलीचे थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही, तेव्हा त्यांना एकट्याने स्कूटरवर पाठवू नका. जुने चष्मे आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर आवर्जून सांगा. त्या गोळीने ऑपरेशनमध्ये बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो. आधी कळलं तर डॉक्टर तयारीत राहतात. दमा असेल तर तेही सांगा, काचबिंदूचे काही थेंब दम्याला चालत नाहीत.

डोळा लाल होऊन ठणकतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत, उलटी होतेय, किंवा अचानक विजा चमकून पडदा ओढल्यासारखं झालं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. भात झोडताना डोळ्याला कुसळ लागलं असेल तरीही. फार्मसीतून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी मोकाट पसरते.

ऑपरेशन ठरलंच तर नंतरचे काही आठवडे थेंब वेळच्या वेळी, सुरुवातीला डोक्यावरून पाणी नाही, डोळा चोळणं नाही. आणि यंदाची माटोळी तुम्ही बांधा. वर बघून काम करताना धूळ नेमकी डोळ्यातच येते.