नवीन यूट्यूब व्हिडिओची लिंक शेअर करताना लोकांना स्पॅम वाटू नये म्हणून काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी एकच लिंक वीस ग्रुपवर टाकणं बंद करा, सोसायटीच्या ग्रुपवर नुसती लिंक आली की लोक न बघताच पुढं जातात. मी सोलापूरचाच, शेंगा चटणी, कडक भाकरी असले व्हिडिओ करतो, त्यामुळं हे अनुभवानं सांगतोय.

लिंकच्या आधी काहीतरी कामाचं द्या. म्हणजे बघा, कुणी विचारलं की चटणी मिक्सरमधून भुगा का होते, तर तिथंच नीट सांगा की उखळात कुटली की शेंगदाण्याला तेल सुटतं म्हणून ती तशी लागते, आणि मग हवं तर व्हिडिओ द्या. असं उत्तर लोक स्वतःहून पुढं पाठवतात.

व्हॉट्सॲपला ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, म्हणजे ग्रुप न करता एकच मेसेज बऱ्याच जणांना वेगवेगळा जातो; ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, तरी आधी विचारूनच नाव घाला. स्टेटस तर बेस्टच, २४ तासात आपोआप जातं आणि ज्याला बघायचंय तोच बघतो.

दुसऱ्यांच्या व्हिडिओखाली "माझं चॅनल बघा" अजिबात नको, यूट्यूबच तसल्या कमेंट बऱ्याचदा स्पॅममध्ये टाकतं. जानेवारीत आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचा, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचा व्हिडिओ असेल तर त्याच दिवसात टाका, तेव्हा लोक स्वतःच शोधत असतात.