खडीची गाडी आली, पॅसेंजर कधी?

प्रश्न : मी शेंदुर्णीचा रहिवासी असून नोकरीसाठी रोज पाचोऱ्याला जातो. स्थानकात खडीच्या वाघिणी, पिवळी टॅम्पिंग मशीन किंवा लांबच लांब रूळ वाहून नेणारी गाडी उभी दिसली की तिचे छायाचित्र काढण्याची मला दोन वर्षांपासून सवय लागली आहे. आमची ‘पीजे’, म्हणजे पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, मार्च २०२० पासून बंद आहे. घरी फोटो दाखवला की वडील दर वेळी विचारतात, ‘मग आता आपली गाडी सुरू होणार का?’ या कामाच्या गाड्यांवरून तसा काही अंदाज बांधता येतो का?
— एक वाचक, शेंदुर्णी (ता. जामनेर)

उत्तर : अंदाज बांधता येतो, पण त्यासाठी आपली छायाचित्रे कोणत्या मार्गाची आहेत हे आधी पाहावे लागेल. पाचोरा हे मुंबई-भुसावळ या गजबजलेल्या मार्गावरचे स्थानक आहे आणि तिथे दिसणारी बहुतेक यंत्रे या मार्गाच्या देखभालीसाठी किंवा वाढीव मार्गिकांच्या कामासाठी येतात. टॅम्पिंग मशीन स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी खडीत पोलादी दाते खुपसते, कंपनांनी खडी स्लीपरखाली दाबून बसवते आणि रूळ ठरलेल्या पातळीवर आणते. हे काम चालू मार्गावरही ठरावीक काळाने करावेच लागते. यंत्र ‘ब्लॉक’ (कामासाठी गाड्या थांबवून दिलेला वेळ) मिळाल्यावर चालू मार्गावर जाऊन काही तासांत परत येत असेल, तर ती देखभाल समजावी. त्याचा पीजेशी संबंध नाही, हे वडिलांना सांगताना वाईट वाटेल, तरी सांगावे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. पाचोरा-जामनेर या ५६ किलोमीटरच्या मार्गावर दोन रुळांमधले अंतर अडीच फूट होते आणि मुख्य मार्गावर ते साडेपाच फूट आहे. मोठी गाडी चालवायची तर नुसते रूळ लांब सरकवून भागत नाही. भराव रुंद करावा लागतो, वळणांचा बाक कमी करावा लागतो, पूल जड गाडीचा भार पेलतील असे नव्याने बांधावे लागतात आणि बरीच जमीनही घ्यावी लागते. मंजूर योजनेनुसार हा मार्ग जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत जाऊन एकूण ८४ किलोमीटरचा होणार आहे. म्हणून आपले वडील ज्या गाडीची वाट पाहत आहेत ती गाडी आता येणार नाही. येईल ती तिच्या वाटेवरून धावणारी वेगळी गाडी असेल. लहानपणी मी त्या छोट्या डब्यांतून पहूरला अनेकदा उतरलो आहे, त्यामुळे हे वाक्य मलाही सहज लिहवत नाही.

नव्या मार्गाच्या कामात खऱ्या अर्थाने कामाची गाडी बरीच उशिरा येते. आधी मातीचे भराव आणि पूल होतात व तोवर सगळी वाहतूक डंपरनेच चालते. त्यानंतर खडी आणि रूळ येतात. कारखान्यात जोडून २६० मीटर लांब केलेले रूळ अनेक वाघिणींवर एकसंध ठेवलेले असतात आणि गाडी वळणावर आली की ते पोलादी रूळही तिच्याबरोबर वाकतात. हे दृश्य शेंदुर्णीच्या बाजूला दिसले, तर त्या दिवसाची तारीख जरूर लिहून ठेवावी, कारण तेव्हा काम कागदावरून जमिनीवर बरेच पुढे आलेले असेल. पुढे टॅम्पिंगच्या फेऱ्या होतात आणि विजेच्या तारा ओढण्यासाठी टॉवर वॅगन येते. सर्वांत शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी होते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करतात. त्यांच्या तपासणीनंतर रीतसर परवानगी मिळाल्याशिवाय नव्या मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू करता येत नाही. आपल्या वडिलांच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याची वेळ त्या तपासणीच्या गाडीचे छायाचित्र मिळेल तेव्हाची.

तरीही मार्ग खुला होणे आणि शेंदुर्णीला गाडी थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोदवड हे भुसावळ-नागपूर मार्गावर आहे, त्यामुळे नवा मार्ग भुसावळला वळसा घालणारा पर्याय ठरेल आणि मालगाड्यांना व लांब पल्ल्याच्या गाड्यांना तो सोयीचा होईल. लहान गावांचे थांबे, फलाटांची लांबी आणि सकाळी पाचोऱ्याला वेळेवर पोहोचवणारी पॅसेंजर यांची मागणी आत्ताच केली नाही, तर रूळ दारावरून जातील आणि आपण एस.टी.च्या थांब्यावरच उभे राहू. भुसावळ विभागाच्या रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समितीपुढे अशा मागण्या मांडता येतात. आपण रोज जाता, तेव्हा सकाळच्या बसला पाचोऱ्यासाठी किती जण चढतात हे महिनाभर वहीत नोंदवावे. आपल्या छायाचित्रांना त्या वहीची जोड मिळाली, तर निवेदनाला वजन येईल.

प्रश्न : बोरविहीर-नरडाणा मार्गाच्या कामाची छायाचित्रे मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढायची आहेत. परवानगी लागते का? प्रकाशासाठी कोणती वेळ चांगली?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, धुळे

उत्तर : आपण निवडलेला विषय फार चांगला आहे. धुळ्याजवळच्या बोरविहीरहून निघणाऱ्या या धुळे-नरडाणा मार्गाची पायाभरणी १६ फेब्रुवारी २०१९ रोजी झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने, तो ज्याचा भाग आहे त्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. चाळीसगावच्या शाखेवर टोकाला राहिलेले धुळे नरडाण्याला सुरत मार्गाशी जोडले जाणे, हा बदल या जिल्ह्याच्या पुढच्या पिढ्यांना छायाचित्रांतूनच समजणार आहे.

स्थानकात तिकीट किंवा फलाट तिकीट जवळ ठेवून, स्थानक व्यवस्थापकांना विचारून छायाचित्रे काढावीत. व्यावसायिक चित्रणासाठी मात्र रीतसर परवानगी घ्यावी लागते. रुळांवर किंवा कामाच्या हद्दीत विनापरवाना जाणे रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, आणि मी तर कायद्याआधी जिवाचा विचार करण्यास सांगेन. २२ जानेवारी २०२५ रोजी परधाडे-माहेजी दरम्यान आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या मार्गावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने धडक दिली आणि अनेक जण प्राणाला मुकले. समोर टॅम्पिंग मशीन धडधडत असेल, तर मागून येणाऱ्या गाडीचा आवाज मुळीच कानावर येत नाही. विजेच्या तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो, म्हणून ट्रायपॉड किंवा काठी उंच धरू नये. सार्वजनिक रस्ता, रस्त्याचा उड्डाणपूल किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध या जागा पुरेशा आहेत.

वेळ पहाटेचीच निवडावी. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि यंत्राखालचे सगळे काम काळ्या सावलीत बुडते. शिवाय कडक उन्हात रुळांची बरीच कामे थांबवावी लागतात, कारण तापमान ३० अंशांनी वाढले तर एक किलोमीटर मोकळा रूळ सुमारे ३५ सेंटीमीटर लांबतो. कामगारही उजाडताच कामाला लागतात. चेहरा टिपण्याआधी त्यांना विचारावे आणि फोटोची प्रत त्यांना आठवणीने द्यावी. दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच चौकटीत एक छायाचित्र घेत राहिलात, तर सुटी शंभर चित्रे जे सांगणार नाहीत ते ती बारा चित्रे सांगतील.

प्रश्न : माझ्याकडे पीजेच्या जुन्या गाडीचे आणि स्थानकाचे काही कागदी फोटो आहेत. ते कसे जपावेत?
— एक वाचक भगिनी, पहूर

उत्तर : चिकट पानांच्या अल्बममधून ते हलक्या हाताने सोडवून साध्या कागदी पाकिटांत ठेवावेत आणि पत्र्याच्या कपाटात तापू देऊ नयेत. चांगल्या प्रतीचे स्कॅन करून एक प्रत गावातल्या वाचनालयाला द्यावी. मागच्या बाजूला शाईने काही लिहू नये. मऊ पेन्सिलीने जागा, साल आणि माणसांची नावे लिहावीत. हे काम मात्र स्कॅनिंगच्या आधी करावे. फलाटावर हिरवा झेंडा धरून उभे असलेले गृहस्थ कोण, हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आज पहूरला असतील, तर या आठवड्यातच ते फोटो घेऊन त्यांच्या घरी जावे.