‘काही झालं तर?’ आणि ‘काय झालं तर?’

“मॅडम, मला एकदा एकटीनं जायचंय. पण निघायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. काही झालं तर?”

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बरेच जण घेऊन येतात. या बाईंची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. पन्नाशीला टेकलेल्या, वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या. पण बाजूच्या सीटवर कायम कुणीतरी असायचं. समुद्रकिनाऱ्यावरचं एक राष्ट्रीय उद्यान त्यांना निवांत पाहायचं होतं. शनिवारी जायचं, रविवारी परत. तीनदा बेत ठरला, तीनदा मोडला.

एकटं जायचंय असं कुणी म्हणालं की मी आधी थेट विचारते, “जगणं नकोसं झालंय का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असलाच तर बोलायला वाट मिळते. त्या म्हणाल्या, “नाही हो, मला पक्षी बघायचेत.” छातीत धडधडतं म्हणाल्या, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत काही निघालं नाही.

मग मी वही पुढे केली. “‘काही’ खोडा, ‘काय’ लिहा.” ‘काही झालं तर’ला उत्तर देताच येत नाही, त्यामुळे ते रात्रभर घोळत राहतं. ‘काय झालं तर’ला बहुतेक वेळा उत्तर असतं. पेन अडखळत चाललं. टायर पंक्चर झालं तर. रेंज गेली तर. समुद्रानं वाट अडवली तर. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात: तिथे जाऊन घाबरायला झालं तर.

पहिल्या दोन ओळी सोप्या होत्या. स्टेपनीची हवा तपासून चाक एकदा घरीच बदलून पाहायचं, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायचा. दर दोन तासांनी थांबायचं, आणि दुपारी 2 ते 4 ही पेंगेची वेळ शक्यतो चाकामागे काढायची नाही.

समुद्राच्या बाबतीत मात्र भीती योग्यच आहे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ओहोटीत खडकांना वळसा घालून पलीकडे गेलेला माणूस भरतीत अडकतो. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीला साधारण सहा तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे शनिवारची वेळ रविवारी चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं. एकटं असताना पाण्यात उतरायचं नाही.

घरच्यांना दर तासाला फोन हवा होता. मी त्याला नाही म्हटलं. प्रत्येक फोननं दहा मिनिटं बरं वाटतं आणि पुढच्या फोनची तहान वाढते, दोन्हीकडे. ठरलं असं: पोचल्यावर एक, संध्याकाळी 7 वाजता एक. 8 पर्यंत आला नाही, तर मुलीनं उद्यानाच्या कार्यालयात कळवायचं. गाडीचा नंबर आणि कोणत्या पायवाटेनं जाणार, हे तिच्याकडे लिहून दिलेलं.

तळाच्या ओळीसाठी सराव लागला. आधी अर्धा तास एकटीनं गाडी चालवायची, मग दोन तास, मग दिवसभर. भीती पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. टाळलं की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं, आणि भीती मुक्काम ठोकते.

सहा आठवड्यांनी त्या गेल्या. उद्यानाच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं आणि धडधड सुरू झाली. हात स्टिअरिंगवर, बाजूची सीट रिकामी. भीतीचा असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो, हे आम्ही बोललो होतो. त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली नाही. काचेवर बसलेलं मीठ बघत, श्वास सावकाश सोडत बसल्या. घड्याळात सतरा मिनिटं गेली. मग दुर्बीण गळ्यात अडकवली आणि फाटकाशी लावलेलं भरतीचं वेळापत्रक उतरवून घेतलं.

पुढच्या भेटीला आल्या तेव्हा वही आधीच उघडलेली होती. यादीत एक नवी ओळ: ‘तारे बघत रात्री उशीर झाला तर?’ समोर लिहिलं होतं: टॉर्च, आणि दुसरा फोन साडेनऊला.